घर निघालं तेव्हा चूल पेटलेली होती

आमच्या गावाचा इतिहास गुरुवारी दोन ते चार उघडा असतो,
वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी.
किल्ली माझ्याकडे. येतं कोण?
मागच्या महिन्यात एक जण आला,
तो मोरी कुठे आहे ते विचारायला.

सातव्या खोक्यात एक फोटो आहे.
नेब्रास्काचा जानेवारी, पांढरंफटक माळरान
आणि बर्फावरून चाललेलं एक दुमजली घर.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या बावीस जोड्या,
वर धुराड्यातून धूर.

झालं असं, की रेल्वे गेली आठ मैल दक्षिणेने.
कंपनीच्या माणसाने जमीन फुकट मागितली होती,
आमच्या थोरामोठ्यांनी मिशीला पीळ देऊन नाही म्हटलं.
त्यानेही वाद घातला नाही.
नकाशावर पट्टी जराशी खाली सरकवली,
बोटभर.

मग काय, गावाचीच वरात निघाली.
लोहाराचं दुकान, बँकेची तिजोरी,
लुथेरन चर्चचा मनोरा आडवा निजवलेला,
दोन दारूचे गुत्ते (त्यातला एक वाटेतही चालू होता म्हणतात)
आणि सगळ्यांत मागे विधवा लुडमिला ह्रूश्कोव्हाचं घर.
ती आत. उतरायला तयार नाही.
"पीठ आंबवायला ठेवलंय," म्हणाली,
"गार वाऱ्यात काढलं तर बसेल."

दीड दिवस लागला.
ओढ्याच्या चढावर साखळी तुटली, घर कलंडलं,
योनास एकडाल नावाच्या पोराचा पाय खाली सापडला.
वहीत पुढे एकच शब्द आहे: डावा.
दुसऱ्या संध्याकाळी घर टेकलं, तिने भट्टी उघडली.
पुढे जन्मभर सांगायची,
एका गावात भिजवलं, दुसऱ्या गावात भाजलं,
आणि पाव दोन्हीकडच्यांनी खाल्ला,
कारण माणसं तीच.

विहिरी तेवढ्या मागे राहिल्या.
विहिरीला ओंडके कसे लावणार?

आणखी एक कागद आहे, त्याला मी सहसा हात लावत नाही.
मोजणीदाराचा नकाशा, आमच्या पहिल्या गावाच्याही आधीचा.
नदीच्या वळणावर पॉनी लोकांची मातीची गोल घरं होती,
मक्याची शेतं, जमिनीत पेवं.
तिथे त्याने सुबक अक्षरात लिहिलंय: रिकामं.
त्यांना कोणी बैल दिले नाहीत.
दक्षिणेलाच गेले तेही, पण आठ मैल नव्हे,
बायकांनी बियाणं गाठीला मारलं आणि चालत राहिल्या.
त्यांचा फोटो सातव्या खोक्यात नाही.
आठव्यातही नाही. मी तीनदा बघितलंय.

आता रूळही नाहीत. भंगारवाल्याने नेले, मी चौथीत असताना.
शाळेत यंदा नऊ मुलं, त्यातली पाच
खाटीकखान्याच्या कामावर आलेल्या ग्वाटेमालाच्या घरांतली.
ती आहेत म्हणून दिवा आहे.
मागच्या सभेत म्हातारा ऑर्विल टीगार्डन उठून म्हणाला,
"पुन्हा ओढू या की गाव! बैल कुठे मिळतील तेवढं सांगा."
सगळे हसले.
मग कुठे ओढायचं, हे मनात आलं असावं,
खुर्च्या जरा लवकरच सरकल्या.

लुडमिलाच्या घरात सध्या मी राहते.
पुढच्या खोलीची जमीन उतरती आहे, त्या ओढ्यापासूनच,
दोन सुतार हात टेकून गेले.
शेजारची इत्झेल शाळा सुटली की येते,
दाराशी गोटी ठेवते, बोट काढून घेते.
गोटी क्षणभर थांबते, आठवल्यासारखी,
मग घरंगळत निघते उत्तरेकडे,
जुन्या विहिरींच्या बाजूला,
किंवा त्याही पलीकडे, नदीच्या वळणाला.

"कोण बोलावतंय तिला?" इत्झेल विचारते.
मी म्हणते, कपाटाखाली गेली बघ,
झाडू घे, काढ.